दुसरी सही

दुपारचे तीन वाजलेले, अंधेरीतला खोक्यांचा कारखाना. सरबताच्या खोक्यांचे छापील पुठ्ठे कापणाऱ्या यंत्रावर दोन माणसं लागतात. एक पुठ्ठा सरकवतो, दुसरा यंत्र बंद करायच्या दांड्याशी बसतो. गिरण्यांच्या संपानंतर इथे लागलेले सावंत एकटेच राबत होते. महिन्यापूर्वी त्याच यंत्रात त्यांची दोन बोटं गेली होती.

"जोडीदार कुठंय तुमचा?" बातमीसाठी वही काढत मी विचारलं.

"गणपतीला गावी गेला तो आलाच नाय. मी त्या रिकाम्या स्टुलाशीच बोलतो."

"काय बोलता?"

"बंद कर रे, म्हणतो. बोटं गेली त्या दिवशीपण ह्या स्टुलालाच म्हटलेलं."

मॅनेजरला गाठलं, तर तो माझ्यावरच उखडला. "दुसरा माणूस होता. हजेरी बघा."

बघितली. अपघाताच्या तारखेसमोर दोन सह्या आहेत. दुसरी कुणी केली, हे मी छापून विचारलं. अजून कुणी सांगितलेलं नाही.