दोष नसलेला सेट

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेली इस्त्री घेऊन थांबलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर दुरुस्तीवाल्याचं आणि एका गिऱ्हाईक बाईचं बोलणं पडत होतं.

“ताई, बाबांचा हा दूरवर बोलायचा हॅम रेडिओ सेट मोजून पाहिला. मुंगीच्या पावलाएवढा संदेशही पकडतो.”

“बारीक आवाज शेजारच्या मोठ्या स्टेशनाखाली दबत असेल.”

“तेही तपासलं. मोठा आवाज बाजूला सारून बारीक तेवढाच उचलतो.”

“मग पलीकडून काकांचा आवाज का येत नाही? बाबा आणि ते, दोघे मित्र चाळीस वर्षं रोज सकाळी यावरच बोलतात. नऊ दिवस झाले, बाबा म्हणतात सेट बहिरा झालाय.”

“बहिरा नाही, ताई.”

“नीट बघा ना. एखादा तरी दोष निघेल.”

शिंपीणबाईंनी इस्त्री हळूच खाली ठेवली.

“बाबांना सांगा, एक भाग मागवलाय. आठवडा लागेल.”

“ठेवून घ्या मग. तोवर मी काकांच्या घरी जाऊन येते.”