दाऊदचाचांचे देवबागेतले गुलाब

जमलेल्या सगळ्या गाववाल्यांनो, मशिदीकडून आलेल्या वडीलधाऱ्यांनो, आणि समीर, तुला.

मी सुलभा, दाऊदचाचांची शेजारीण. आमच्या दोन अंगणांमध्ये काट्याकुट्यांचं एक कुडण होतं, तेवढंच अंतर. बोलायला उभी राहिलेय. इथे बसलेल्यांपैकी काहींना वाटतं, मी बोलू नये. मला ते माहीत आहे. तरी बोलते.

चाचा बोटीवरून निवृत्त होऊन आले आणि गुलाबांत रमले. फुलवाल्याकडचे लांब देठाचे गुलाब नव्हेत हे. गावठी गुलाब. फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च, वास कुडणापलीकडे येणारा. त्याची पहिली काडी जैबुनचाचीनं लग्नात शिरोड्याहून, माहेराहून आणली होती. चाची गेली आणि चाचांचं बोलणं कमी झालं. झाडांशी मात्र बोलायचे.

मी एकदा म्हटलं, "चाचा, मोठी छाटणी करा, फुलं भरपूर येतील."

"नको गो," ते म्हणाले. "आपल्याकडे झाडाक थंडी नाय, झोप नाय. लय कापलंस तर दमता ता. पाऊस सरलो की शेंडे तेवढे काढूचे."

सकाळचं ऊन, दुपारी माडाची सावली. बुंध्याशी नारळाच्या सोडणांचा थर. संध्याकाळी पानांवर पाणी नाही, नाहीतर काळे डाग पडतात. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले.

मग ते वादळ आलं. तुम्ही सगळे होतात. ग्रामपंचायतीचा भोंगा ओरडत होता, शाळेत चला, शाळेत चला. आपण शाळेकडे धावलो. चाचा कुठे होते? बागेत. गुडघाभर पाण्यात, वाळूची पोती रचत.

मी परत गेले. "चाचा, समुद्र आत इलो! येवा!"

"ही जैबुनची आसात," एवढंच म्हणाले.

मी हात धरून ओढलं. आले. पण शाळेत भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. 

पाणी ओसरलं तेव्हा बागेतली माती नुसती खारी होती. चाचांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग फावडं घेऊन खाडीकडे चर खणला, पावसानं मीठ धुऊन जावं म्हणून. पाऊस पडला. मीठ गेलंही असेल. पण फांद्या शेंड्यापासून काळ्या पडत गेल्या. चाचा कापत गेले. हिरवं लाकूड सापडेना. शेवटी जमिनीलगत खुंट उरले.

समीर, तू मुंब्र्याहून आलास. काळजीनंच आलास. म्हणालास, "अब्बा, आता इथे काय उरलंय?" चाचांनी तुला शब्द दिला, दसऱ्यापर्यंत फूट आली नाही तर तुझ्याकडे येतो. फूट आली नाही. त्यांनी शब्द पाळला. गाडीत बसताना मागे वळून पाहिलं नाही.

मी पाणी घालत राहिले. काहीजण हसायचे, खुंटांना काय पाणी घालतेस?

थंडीत एका सकाळी मातीतून लालसर कोंब वर आलेला दिसला.  मी फोन केला.

चाचांनी फोन उचलला, सगळं ऐकलं. मग, "तो कोंब खंयसून इलो? खुंटाक फुटलो की मुळाक?"

"मुळाक, चाचा. पण जंगली निघालो तर?"

"कलमी झाड आसता तर जंगली इला असता. ता काडीचा झाड. मुळाकडून येता ता तेचाच." 

आठवड्याच्या आत ते परत आले. समीर, तू मला म्हणालास, "ताई, तुम्ही फोन करायला नको होता. त्यांचा दमा वाढलाय, तिथे डॉक्टर जवळ नाही." तू खरं बोललास. आणि परवा दफनानंतर म्हणालास, तुमच्या फोनमुळे अब्बा एकटे गेले.

मी तो फोन आजही करीन. हे सगळ्यांसमोर सांगते. त्या झाडांनी नंतर फुलं दिली आणि चाचा पुन्हा बोलायला लागले, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. पण समीर, ते एकटे गेले नाहीत. हे तुला सांगायला मी उभी राहिले.

ते गेले त्या सकाळी त्यांनी कुडणापलीकडून हाक मारली, "सुलभा, ये गो." चिऱ्याच्या पायरीवर बसले होते, घामानं भिजलेले. माझे यजमान गाडी घेऊन आले. आम्ही मालवणच्या दवाखान्याकडे निघालो. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी मोबाइल काढला तर माझा हात धरला त्यांनी.

"समीराक आत्ता फोन करू नको. तो कामार आसतलो."

मी तरी केला. तू उचलला नाहीस, कामावर होतास. ते त्यांना ठाऊक होतं. त्यात तुझी चूक नाही, आणि त्यांना राग नव्हता. तारकर्लीच्या वळणावर माझ्या हातावरची त्यांची पकड सुटली.

समीर, माझ्याशी बोलू नकोस, हरकत नाही. पण हे मनात ठेव.

आता सगळ्यांनी उभं राहूया. ज्यांना फातिहाची दुआ येते त्यांनी ती म्हणावी, बाकीच्यांनी गप्प राहावं. दाऊदचाचा, सलाम तुमका.