डॉक्टरबाईंचा डोंगर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, यकृत विभागातले सर्व डॉक्टर आणि सिस्टर, आणि माझ्यासारखे कधी ना कधी इथल्या बाकांवर नातेवाईक म्हणून बसलेले सगळेजण,

आज शनिवार, चौदा मार्च. सकाळी बटाटे उकडून ठेवले, दुपारी शर्टाला इस्त्री केली आणि चार वाजता इथे आलो. मी टेलिफोन खात्यात लाइन दुरुस्त करायचो. बोलणारे दोघे वेगळे असायचे, मी मधल्या तारेचा माणूस. त्यामुळे भाषणाची सवय नाही. डॉक्टरबाई आज निवृत्त होताहेत. त्यांच्या मोठ्या कामाबद्दल आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी एका नाश्त्याबद्दल बोलणार आहे.

माझी पत्नी शिवणकाम करायची. तिचं यकृत पार निकामी होत आलं होतं. पोटात पाणी, हातापायांच्या काड्या. आणि जेवण? दोन घास झाले की चमचा खाली. "अहो, पोट भरलं." दोन घासांत कुणाचं पोट भरतं?

तिची थोरली बहीण, आमच्या ताई, रोज डबा घेऊन यायच्या.

"मनात आणलंस तर खाशील. लहानपणापासून नखरेच तुझे!"

"ताई, नखरे करायला तरी अंगात ताकद लागते ना गं?"

मी मध्ये पडत नसे. पण हिने आतल्या आत निरवानिरव सुरू केली आहे की काय, असं मलाही वाटायचं. तिला ते माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार. एकदा मी तिचं भरलेलं ताट उचलत होतो, तेव्हा ती म्हणाली, "मला जगायचंय हो. फक्त खाता येत नाही."

मी ताट घासायला ठेवलं.

त्याच सुमारास डॉक्टरबाई भुकेच्या हार्मोनचा अभ्यास करत होत्या. मला त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं. भूक लागल्याचा निरोप पोटातून मेंदूकडे नेणारं एक हार्मोन असतं. जेवणाआधी ते चढतं, जेवल्यावर उतरतं. पोट भरल्याचा निरोप नेणारं वेगळं. यकृत फार बिघडलं की या दोघांचाही ताळमेळ जातो, असं दिसतंय.

"म्हणजे लाइनमध्ये फॉल्ट?" मी विचारलं.

"तसंच काहीसं. नक्की कुठे, तेच शोधतेय."

मग एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत काही रुग्ण उपाशीपोटी बसले. आधी रक्त, मग सगळ्यांना सारखा नाश्ता, मग पुन्हा रक्त. तुलनेसाठी धडधाकट माणसंही हवी होती. त्यांत डॉक्टरबाई स्वतः बाही वर करून बसल्या. उकडलेलं अंडं आणि ओटची लापशी, दोन्ही बिनमिठाचं. पहिल्याच घासाला त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हे तुम्ही रोज खाता?"

"तुम्हीच लिहून दिलंय, बाई!" पत्नी म्हणाली. रक्त घेणाऱ्या सिस्टरसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसल्या. आज त्या समोरच्या रांगेत बसल्या आहेत, आणि आताही हसताहेत.

पुढे डॉक्टरबाईंनी आम्हाला पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. ताईही होत्या. एक रेघ नाश्त्याआधी उंच चढलेली आणि मग घसरलेली. दुसरी जवळजवळ सपाट.

"ही सपाट तुमची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एवढ्यावरून सगळं सिद्ध होत नाही, अजून खूप तपासायचंय. पण तुम्ही खात नाही याला तुमचं मन जबाबदार नाही, एवढं मी आजच सांगते."

पत्नीने त्या रेघेकडे बोट दाखवलं. मग ताईंकडे वळून म्हणाली, "बघ." एवढंच. ताईंनी तिचा हात धरला. पत्नीने डोळे पुसले आणि विचारलं, "आणि हा डोंगर कुणाचा?"

"माझा."

"बाई, भलत्याच खादाड आहात तुम्ही!"

त्या दिवसापासून आमच्याकडे ताट बंद झालं आणि वाटी आली. भूक लागली का, असं कुणी विचारायचं नाही. वेळ झाली की वाटी पुढे करायची, औषधासारखी. ताई म्हणायच्या, "घे, निरोप आलाय." शिवणाच्या मशीनपाशी बसून ती सावकाश वाटी संपवायची आणि मी समोर बसायचो. ती बरी झाली नाही. पण त्या महिन्यांत घरात पुन्हा गप्पा होत्या. आजारपणाचे दिवस परत यावेत असं कुणाला वाटतं का? मला वाटतं.

ती गेल्यावर माझीच रेघ सपाट झाली. इथल्याच जिन्यात डॉक्टरबाई भेटल्या, त्यांना तसं सांगितलं. म्हणाल्या, "तुमचं यकृत ठणठणीत आहे. निरोप उशिरा येईल, पण येईल. तोवर वाटी." तेव्हापासून मी वाटीवरच आहे, तेही बिनमिठाचं. हाताला तीच सवय लागली.

डॉक्टरबाई, तिच्या बोलण्यावर तुम्ही विश्वास ठेवलात आणि आम्हालाही ठेवायला लावलात. आम्हा दोघांच्या वतीने तुमचे आभार. मला बोलू दिलंत म्हणून अध्यक्षांचे आणि आयोजकांचेही आभार. मधल्या तारेच्या माणसाकडून काही तुटकं, काही जास्तीचं बोललं गेलं असेल, तर सांभाळून घ्या.

चहाला मात्र थांबत नाही. मघापासून पोटात कावळे ओरडताहेत. घरी सकाळचे बटाटे आहेत. ते परतेन, मीठ घालीन, आणि आज ताट काढीन.