वरची विहीर

गावच्या दवाखान्यात नव्या नर्सने ‘होशिनासान’ अशी आडनावाने हाक मारली आणि माझ्यासकट पाच जण उठले. मग टोफूवाल्याने तिच्या यादीवर प्रत्येकाच्या घराचं नाव लिहून द्यायला घेतलं. मी परत बसलो. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि एक गरोदर तरुणी बोलत होत्या.

“हसतेस काय? इथला पूल होशिना, सोया सॉसचा कारखाना होशिना, स्मशानातले दगडसुद्धा होशिनाच.”

“आमचं एकच घर ताचिबाना, आजी. तरी त्या नावानं मला कुणी हाक मारत नाही.”

“इथे आडनावानं मारतंच कोण? मी खोगीरवाली. आमच्यात घोडा शेवटचा कुणी पाहिला, देव जाणे. तू राहतेस कुठे?”

“चढावर, विहिरीपाशी. अकरा वर्षं बंद होतं म्हणे ते घर.”

“मग?”

“मी दिसले की लोक ‘वरची विहीर’ म्हणतात. मला वाटलं, तिथे आधी राहायच्या त्या वारलेल्या बाईंची आठवण काढतात. परवाच नवऱ्याला म्हटलं, आपण शहरात परत जाऊ या. हे घर काही आपलं व्हायचं नाही.”

“वेडी आहेस. त्या नावाला ओ द्यायला इतकी वर्षं माणूस नव्हतं गं.”

तेवढ्यात नर्सने यादीत पाहून अडखळत हाक मारली, “वरची विहीर?”

कुणीच उठलं नाही.

“ऊठ की.”

“मला बोलावतायत?”

“तुम्हा दोघांना.”