पुठ्ठ्याचा संडास

(आठवडी बाजाराचा रिकामा ओटा. त्यावर फ्रिजच्या खोक्यांचा, खऱ्या मापाचा संडास उभा केलाय. आत स्टुलावर अश्विनीची आत्या, वच्छलाबाई. बाहेर अश्विनी आणि तिचे आर्किटेक्चरचे नौशाद सर.)

वच्छलाबाई : बसली वं. आता काय, खरंच करून दाखवू?

सर : नको, नको! फक्त बसा आणि उठा.

वच्छलाबाई : अन् दारावर काय लिहलं हाये?

अश्विनी : खोक्यावरचंच हाये, आत्या. 'नाजूक सामान, सांभाळून ठेवा.'

वच्छलाबाई : एवढं बाकी खरं लिहलं.

सर : अश्विनी, यांनाच का आणलंस?

अश्विनी : तुम्हीच म्हणता ना, ज्याच्यासाठी बांधायचं त्यानंच पास करायचं. आत्या इथं बाजारात संभार-कोथिंबीर इकते. गुडघा वाकत नाही, उकिडवं बसता येत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही.

वच्छलाबाई : झालं साऱ्या गावाले सांगून?

अश्विनी : उन्हाळ्यात चक्कर येऊन पडली होती, थे बी सांगू? बरं, उजवीकडची दांडी धर अन् ऊठ.

वच्छलाबाई : कशी धरू? उजव्या हातात लुगडं हाये.

अश्विनी : मंग लुगडं डाव्या हातात घे.

वच्छलाबाई : ओल्या हातात?

सर : पण दांडी बरोबर आहे. मी स्वतः तपासली.

वच्छलाबाई : बसून?

सर : नाही... कागदावर.

वच्छलाबाई : मंग या आत. अश्विने, माह्या थैलीतलं लुगडं दे सरले.

सर : अहो, मी कशाला?

अश्विनी : सर, नियम तुमचाच हाये.

सर : या अल्लाह! गुंडाळ बाई, गुंडाळ.

अश्विनी : उजव्या हातानं वर धरा. डावा हात ओला समजा. हां, आता उठा.

सर : आणि दांडी धरायला हात कुठून आणू?

वच्छलाबाई : थेच त इचारून राह्यली मी मघापासून!

सर : अगं धर, धर! भिंत चालली!

अश्विनी : नाजूक सामान, सर! सांभाळून!

सर : दात काढू नकोस. दांडी डावीकडे घे आधी.

अश्विनी : घेतली. थैली टांगायले खुंटी बी लावली. आत्या, बस पुन्हा. अन् ऊठ.

वच्छलाबाई : उठली! पाह्य, कोणाचा हात नाही धरला.

सर : सरपंच थांबलेत, वच्छलाबाई. तुम्ही हो म्हटलं की पाया खोदतील. मग, पास का?

वच्छलाबाई : खोदा म्हणा. पास-नापास मंग सांगीन. बांधून झाला का, त्या बाजारी मी घरून तांब्याभर पाणी पिऊन येईन.