त्रेचाळीस बुडबुडे

हॅलो? … हो ताई, बोल… नाही गं, अजून लॅबमध्येच… माहितेय मला, चारला निघते म्हणाले होते… आईला आणलंत दवाखान्यातून घरी? … जिना कसा चढली? … खुर्चीत बसवून? बरं केलंत…

अगं ऐक ना… आधी ऐक तरी! बुडबुडे मोजतेय… हो, अजून तेच! हस, हस तू…

काचेच्या पट्टीत केसाएवढी वाट कोरलीय. तिच्यातून सलाईन जातं. मध्येच हवेचा बुडबुडा आला की मशीनने तो मोजायचा आणि ओरडायचं. एवढंच काम त्याचं, तेही धड होत नाही! सकाळपासून तीनदा लावलं. मशीन म्हणतं चाळीस. मी व्हिडिओ हळू करून मोजले, तर त्रेचाळीस… तिन्ही वेळा मोजले गं! दोन बुडबुडे लागोपाठ आले की मेल्याला एकच वाटतो…

'तीनच ना' काय? तूही सरांसारखंच बोल! तेही तेच, 'तीनचं काय घेऊन बसलीस, सही कर रिपोर्टवर'… चिडू नको तर काय करू? उद्या हे मशीन नवजात बाळांच्या वॉर्डात जाणारेय, ताई. वीतभर बाळं ती, शिरेत हवा गेली तर…

तूच सांग, करू सही?

काय? … नको करू सही? … अगं, पण सहा महिनेच झालेत मला इथे… हं… हो, कळतंय…

थांब, सर आले. ठेवू नकोस…

सर, 'नापास' मीच लिहिलंय… हे बघा ना. हा एक… आणि त्याला खेटून हा दुसरा. आकडा मात्र एकानेच वाढला… नाही सर. तुम्हाला करायची तर करा सही, माझं नाव काढा त्यावरून…

ताई? … नाही, ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसलेत. तेच तेच पुन्हा बघतायत… श्श, थांब… हो सर? … आत्ता? … मी?

ताई, मशीन उद्या येत नाही, हे वॉर्डच्या डॉक्टरबाईंना मीच कळवायचंय म्हणे… अगं, चिडणारच ना त्या! दोन महिने वाट बघतायत बिचाऱ्या. काय तोंडाने सांगू? … हो… हो, खरं तेच सांगते.

सकाळच्या गाडीने येते, आईला सांग… नाही गं, रडत नाहीये. ठेव आता… तू ठेव आधी, नाहीतर मी बोलतच बसेन.