डाव्या खांद्यावरची कावड

माझा जन्म कोलशेतचा, खाडीच्या काठचा, आणि घर मिठागरात राबणाऱ्या आगऱ्यांचे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या व्यायामशाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माझ्याविषयी जे पानभर छापून आले आहे, त्यात एवढे एकच वाक्य निखालस खरे आहे. बाकी चिटणिसांची प्रतिभा. त्यांनी लिहिले आहे की अशिक्षित वडिलांच्या कडव्या विरोधाला न जुमानता मी शरीर घडविले आणि कल्याणच्या स्पर्धेत पहिला आलो. मी पहिला आलो नाही, दुसरा आलो. जे मिळविले नाही ते माझ्या पदरात टाकण्याचे कारण नाही, आणि जे माझ्या वडिलांनी केले नाही ते त्यांच्या माथी मारण्याचे तर मुळीच नाही. तुम्ही लिहून घ्यायला आला आहात ना, मग नीट लिहा, आणि शंका आली तर मला थांबवा, मनाने भर घालू नका.

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास मी ठाण्याच्या शाळेत शिकत होतो आणि हंगामात वडिलांबरोबर मीठ वाहत होतो. कावड म्हणजे खांद्यावर आडवा बांबू, एक टोपली पुढे, एक मागे. कोंडीतले, म्हणजे मिठाच्या वाफ्यातले, ओले मीठ भरायचे आणि अरुंद बांधावरून राशीपर्यंत न्यायचे. चार हंगामांत माझी मान, पाठ आणि मांड्या अशा भरल्या की शाळेत मुले मला हात लावून पाहत. मलाही वाटले, आपण तयार आहोत. त्या तोऱ्यातच मी व्यायामशाळेत गेलो. तिथले लिमये मास्तर नगरपालिकेत कारकून, अंगाने किरकोळ, पण नजर सोनाराची. त्यांनी मला सदरा काढायला लावला, भिंतीला पाठ लावून उभे केले, दोन्ही खांद्यांच्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारली आणि म्हणाले, आता वळून बघ. उजव्या खांद्याची रेघ डाव्यापेक्षा दोन बोटे वर होती, आणि उजव्या खांद्यावर बांबूने उठवलेला गोळा तर मुठीएवढा. मास्तर म्हणाले, बाळ, तू हमाल उत्तम आहेस, शरीरसौष्ठवपटू नाहीस. ज्याचे एक अंग दुसऱ्या अंगाशी भांडते त्याला आम्ही मंचावर उभा करत नाही. काय सांगू तुम्हाला, इतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कोणाचा आला नाही, आणि इतके खरेही दुसरे कोणी बोलले नाही.

आता आहाराचे सांगतो, कारण त्याविषयीही अफवा पुष्कळ. हल्ली आमच्या गल्लीत जो जिम आहे त्याचा मालक मला विचारतो, काका, खरं सांगा, तेव्हा परदेशी डबा मिळायचा ना? मी त्याला सांगतो, अरे, तेव्हा रेशनवर तांदूळ मिळताना मारामार, तुझा डबा कुठून आणू? तांदळाची भाकरी, सुकट, भिजवलेले हरभरे, वालाची उसळ आणि भरती ओसरली की खाडीच्या चिखलातून धरून आणलेल्या निवट्या, ते लहान मासे हो, चिखलात उड्या मारणारे, आई त्यांचे तिखट कालवण करी. दूध मिळाले तर मिळाले. व्यायामशाळेतले काही जण बदाम खात, मी निवट्या खाल्ल्या आणि नऊला झोपलो. यापलीकडे काही गुपित असेल तर ते मलाही ठाऊक नाही.

तर मूळ मुद्दा. कल्याणच्या स्पर्धेला चार महिने होते आणि मास्तरांनी उपाय सांगितला होता तो सोपा, कावड डाव्या खांद्यावर घे. ऐकायला सोपा! आमच्या बांधावर भरलेले लोक उजव्या कडेने जात, टोपल्या उजवीकडे कोंडीवर लोंबत, आणि रिकामे लोक डावीकडून परत येत. डाव्या खांद्यावर कावड घेतली की टोपल्या थेट येणाऱ्याच्या कपाळाशी. पहिल्याच दिवशी समोरून रिकामा येणाऱ्या, आमच्याच रांगेतल्या धर्माच्या कानशिलावर माझी टोपली बसली, तो सरकला, मी कोलमडलो आणि दोन्ही टोपल्या मीठ परत पाण्यात. धर्मा ओरडला, अरं डावऱ्या, माझी टाळू शिवाला तुजा मास्तर येनार हाय का? सगळा बांध हसला. मुकादम मात्र हसला नाही. तो म्हणाला, चार माणसांसारखा चाल, नाहीतर तालमीत जा आणि तिथेच जेव.

रात्री जेवताना वडिलांनी विचारले, कला रं डाव्या खांद्याव घेतलीस? आमच्या बोलीत कला म्हणजे कशाला. मी सगळे सांगितले, खडूच्या रेघांसकट. त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि म्हणाले, किती दिवस? मी म्हटले, हंगाम सरेपर्यंत. स्मरणिकेतला कडवा विरोध तो हा.

वडील आमच्या रांगेचे म्होरके होते. पहिला माणूस चाल ठरवतो, बाकीचे त्याच्या पावलावर पाऊल टाकतात, आणि हंगामाच्या शेवटी राशीची पूजा होते तेव्हा नारळ त्याच्याच हातून फुटतो. तो मान त्यांच्याकडे अकरा वर्षे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुकादमाला सांगितले, मना शेवटी लाव आन् पोराला माझे मागं. मुकादम म्हणाला, बाबा, बरा आहेस ना? पण हिशेब पक्का होता. शेवटच्या माणसाला मागे कोणी नाही, तो थांबला तरी रांग अडत नाही. आणि पुढे चालणारे वडील समोरून कोणी रिकामा आला की ओरडत, सरका, डावरा येतंय! मग मी थांबायचो, टोपली आवरायचो, तो अंग चोरून जायचा, आम्ही पुन्हा चालू लागायचो. चार महिने. त्या वर्षी राशीपुढे नारळ धर्माने फोडला. वडील मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी पुन्हा भिंतीला उभे केले. रेघा मारल्या, मागे सरकले, चष्मा पुसला आणि खडू खिशात टाकला. कल्याणला शाळेच्या पटांगणात मंच होता, वडील पहिल्यांदाच असले काही पाहत होते, धुतलेला सदरा घालून तिसऱ्या ओळीत. मी अंगाला खोबरेल लावून पुढे आलो तेव्हा लाज वाटून मान खाली गेली, तर तिसऱ्या ओळीतून आवाज आला, कला लाजतंस, वर बघ! परीक्षकांनी पाठ दाखवायला सांगितली आणि त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला ते मला स्पष्ट ऐकू आले, खांदे पाहा, पाणसळ लावून बांधल्यासारखे. पहिला आला तो डोंबिवलीचा गडी, त्याच्या पोटऱ्या माझ्याहून सरस होत्या, हे मी तेव्हा मानले आणि आजही मानतो. परतताना वडिलांनी विचारले, दुसरा कला? मी म्हटले, पोटऱ्या कमी पडल्या. ते म्हणाले, चिखलान रुतल्या असतील, बग जाऊन. आणि स्वतःच इतके हसले की आम्हांला टांगेवाल्याने हटकले.

पुढल्या हंगामात मी ड्रिल मास्तर होऊन शाळेत लागलो. मुकादमाने वडिलांना पुन्हा पुढे बोलावले, ते गेले नाहीत. म्हणाले, मागून सगल्यांची चाल दिसते.

चिटणिसांशी माझे चांगलेच वाजले. ते म्हणतात, काका, विरोध असला की वाचायला बरे वाटते. मी म्हटले, तुमच्या वाचकांना बरे वाटावे म्हणून माझा बाप वाईट करू नका. शेवटी त्यांनी दुरुस्तीची चिठ्ठी छापून दिली आणि उरलेल्या प्रती ती डकवायला माझ्या घरी पाठवल्या. तक्रार नाही माझी. पोट साफ आहे, खांदे अजून सरळ आहेत, हिने दोन वेळची भाकरी चुकवलेली नाही. तुम्हालाही असेच उदंड आयुष्य मिळो. आणि हो, पिशवीत तुमची स्मरणिकेची प्रत दिसते आहे, ती इकडे द्या. हिने सकाळीच गव्हाची खळ शिजवली आहे, अजून ओली आहे, चिठ्ठी आत्ताच डकवून देतो.